दोरखान्यातलं गाणं

तिला सगळे चेनवाली म्हणायचे. नवा माणूस हे नाव ऐकून आधी तिच्या गळ्याकडे बघायचा आणि गळा ओका दिसला की बुचकळ्यात पडायचा. सोन्याची चेन तिने जन्मात घातली नव्हती. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या तळघरात, जिन्याखालच्या कोपऱ्यात तिचं शिलाई मशीन होतं, आणि एकोणतीस वर्षं ती तिथे पँटींच्या, जॅकेटांच्या, बॅगांच्या तुटलेल्या चेन बदलत होती. एकदा एक वकील अंगावरच्या पँटची चेन अडकली म्हणून कोर्टातून तडक धावत आला होता. त्याला पडद्याआड उभं करून, डोळे मिटून, नुसत्या बोटांनी तिने ती चेन सोडवली होती. "नजर लागत नाही या कामाला, हात लागतो," असं ती वर म्हणाली होती, आणि ते वाक्य दुकानात पुढे कित्येक वर्षं हशा पिकवत राहिलं.

लग्न झालं नव्हतं. का झालं नाही, हे विचारणारी माणसं आता उरली नव्हती. धाकटा भाऊ परदेशात होता, रविवारी फोन करायचा. घरी दोन खोल्या आणि आई.

आई ब्याऐंशी वर्षांची. चार वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडला, तेव्हापासून अंथरुणाला खिळलेली. त्याच सुमारास विसरणंही सुरू झालं. आधी आजचा वार गेला, मग गेलं वर्ष, मग नवऱ्याचं मरण, आणि मग एकेक करत बाकीचं सगळं. पण खरं सांगायचं तर आईचं विसरणं मोठं गोड होतं. ती खिडकीकडे बघून हसायची. लेक कामावरून आली की "जेवलीस का?" असं सात वेळा विचारायची आणि सातही वेळा उत्तर ऐकून तिचा जीव भांड्यात पडायचा. कधी ती लेकीला "चिमणे" म्हणायची. चिमणी म्हणजे आईची धाकटी बहीण, चेनवालीची मावशी. जाऊन चव्वेचाळीस वर्षं झाली होती. चेनवाली निमूटपणे ओ द्यायची. समोरच्या दारातल्या निवृत्त नर्सबाई दिवसा दोनदा येऊन आईला बघून जायच्या. त्या म्हणायच्या, "तुझी आई सुखात आहे ग. आपण शहाणी माणसं झुरतोय."

त्या वर्षी घराखालच्या मैदानात दोन दिवसांचा लोकसंगीताचा कार्यक्रम ठेवला होता. वस्तीतल्याच काही उत्साही मंडळींनी वर्गणी काढून मंडप घातला, खुर्च्या आणल्या, आणि चेनवालीच्या खिडकीच्या नेमक्या समोर दोन पुरुषभर उंचीचे स्पीकर उभे केले. शनिवारी दुपारी चारला पहिला ढोल वाजला तशी खिडकीची तावदानं थरथरली. आई दचकून जागी झाली आणि दोन्ही हातांनी चादर घट्ट धरून बसली.

तासभर चेनवालीने कळ काढली. खिडकी लावली, पडदा ओढला, आईच्या कानांवर रुमाल बांधला. शेवटी नर्सबाईंना हाक मारून म्हणाली, "ताई, जरा बसता का इथे? मी खाली जाऊन त्यांना चार शब्द सुनावून येते."

"सुनाव," नर्सबाई म्हणाल्या. "माझ्याही वाटचे दोन सुनाव."

तर चेनवाली गाणं ऐकायला म्हणून गेलीच नव्हती. ती भांडायला गेली होती.

मैदानात गर्दी चांगली होती. पोरंसोरं, म्हातारे, कडेवरची बाळं, घामाने चिंब झालेले तरुण. छातीवर बिल्ला लावलेला एक गृहस्थ इकडून तिकडे पळत होता. तिने त्याला गाठलं. "अहो, आवाज कमी करा. घरी आजारी माणूस आहे."

"एवढं एक गाणं होऊ द्या, मग करतो," बिल्लेवाला म्हणाला. "बसा ना. उभ्या का?"

ती बसली नाही. मंडपाच्या खांबाला टेकून, पदराने कपाळ पुसत उभी राहिली, भांडणाचे शब्द तोंडात तयार ठेवून. मंचावर एक तरुण गायिका आली. तिशीची असेल. सोबत ढोल, बासरी आणि एक तंतुवाद्य. ती माईकपाशी येऊन हसली. "आता एक जुनं श्रमगीत. दोर वळणाऱ्या बायकांचं. कोणी रचलं, माहीत नाही. पण साजणाला घातलेली इतकी गोड साद मी दुसरीकडे ऐकली नाही. टाळ्यांची साथ हवी हं!"

आणि ती गायला लागली:

मागं मागं पाऊल माझं, पुढं वाढे दोर,
पाठीमागं काय आहे, कुणाला ग घोर…

चेनवालीने खांब धरला.

ती चाल तिने अठ्ठेचाळीस वर्षांत ऐकली नव्हती. मुद्दाम कधी आठवलीही नव्हती. पण पुढची ओळ गायिकेच्या तोंडून निघायच्या आधीच तिच्या ओठांवर आली होती. फक्त तीन शब्द वेगळे होते. गायिका गात होती:

थांबव थांबव चाक, साजणा, जीव माझा अडकला…

आणि चेनवालीच्या ओठांवर होतं:

थांबव थांबव चाक, मुकादमा, हात हिचा अडकला.

सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं. पुढच्या रांगेतलं एक जोडपं उठून नाचायला लागलं. कोणीतरी शिट्टी मारली.

ते गाणं तिच्या आईचं होतं. गायलेलं नव्हे, केलेलं.

चेनवाली लहान असताना आई दोरखान्यात कामाला होती. तीनशे पावलं लांबीची पत्र्याची शेड, एका टोकाला पट्ट्यावर फिरणारं मोठं चाक, त्याला लोखंडी आकडे. आकड्याला तागाचे तंतू अडकवायचे, कमरेला तागाचा भारा बांधायचा आणि तंतू सोडत सोडत उलट्या पावलांनी मागे जायचं. चाक पीळ देणार, बाई मागे सरकणार. दिवसभर बायका पाठीकडे चालायच्या, म्हणून आई गमतीने म्हणायची, "आम्ही रोज सकाळी पुढे जातो आणि संध्याकाळपर्यंत मागे येतो." पावलं सारखी पडावीत म्हणून गाणं लागायचं आणि गाणं आई सांगायची. शाळा सुटली की चेनवाली तिथे जाऊन सांडलेला ताग गोळा करत बसायची.

चिमणी मावशी एकोणीस वर्षांची होती. आकड्यांना तंतू अडकवायचं काम तिच्याकडे. एके दिवशी तागाचा वेढा तिच्या मनगटाला बसला आणि चाकाने हात ओढून घेतला. चाकाचा दांडा मुकादमाच्या हातात होता. अर्ध्यावर चाक थांबवलं तर पीळ सुटतो आणि तीनशे पावलांचा दोर भंगारात जातो. मुकादमाने चाक थांबवलं, पण दोर पुरा झाल्यावर.

मावशी वाचली. उजवा हात मनगटापासून गेला. ती त्यांच्याच घरी राहायला आली आणि नऊ वर्षांच्या भाचीची वेणी घालायला लागली, एका हाताने. मधला पेड मावशीच्या दातांत, बाकीचे दोन भाचीच्या हातांत. दोघी मिळून एक वेणी. चार वर्षांनी ती साध्या तापाने गेली. जगायची तिला फारशी हौसच उरली नव्हती, असं शेजारपाजारचे म्हणाले.

गाणं आईने अपघातानंतर महिनाभरात केलं. मुकादम शेडच्या दुसऱ्या टोकाला असला की बायका ते म्हणायच्या. त्यात आणखी एक कडवं होतं:

दोर वाया जाईल म्हणे, हात काय ग, दोन,
एक गेला, एक उरला, मोजणारं कोण?

गायिकेने हे कडवं गायलं नाही. दोन कडव्यांत गाणं संपवून तिने वाकून नमस्कार केला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

चेनवाली भांडण विसरली. मंचामागे कनातीच्या आड ती गेली. गायिका खुर्चीवर बसून पाणी पीत होती.

"हे गाणं तुला कुठे मिळालं ग?" तिने विचारलं.

गायिका चांगली मुलगी होती. लगेच उठून उभी राहिली, खुर्ची पुढे केली. "बसा ना, काकू. एका संग्रहातून घेतलं. पन्नासेक वर्षांपूर्वी एक अभ्यासक गावोगाव फिरून कामाची गाणी टेप करायचे. त्यांच्या फितीत सापडलं."

"लोकरीचा कोट घालायचा तो? उन्हाळ्यात?"

गायिका चकित झाली. "तुम्ही ओळखता त्यांना?"

चेनवालीला तो दिवस लख्ख आठवला. भर उन्हात कोट घातलेला माणूस, त्याच्याजवळ पेटीएवढं टेप मशीन. बायका ओळीने उभ्या केलेल्या. "एखादं तुमचं स्वतःचं गाणं म्हणा," असं तो आर्जवाने म्हणत होता. बायकांनी आईला कोपराने ढोसलं. आईने तोंड उघडलं, आणि टेपवाल्याच्या खांद्यामागे, कमरेवर हात ठेवून, मुकादम उभा होता.

आईने पहिलं कडवं नेहमीसारखं म्हटलं. दुसऱ्या कडव्यापाशी तिचा श्वास अडखळला. लेकीने तो अडखळताना ऐकला. आणि मग आईने "साजणा" म्हटलं. मागच्या बायकाही क्षणभर चपापून "साजणा" म्हणाल्या. तिसरं कडवं कोणी काढलंच नाही. मुकादम हसला. म्हणाला, "वा! आमच्या बाया रसिक आहेत."

हे सगळं चेनवालीने गायिकेला जसं आठवलं तसं, पुढचं मागे करत सांगितलं. गायिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने तिसरं कडवं दोनदा म्हणवून घेतलं, फोनमध्ये टिपून घेतलं.

"काकू, उद्या संध्याकाळी पाचला आम्ही पुन्हा आहोत. तुम्ही या. मंचावर. हे कडवं तुम्हीच म्हणा. खरे शब्द म्हणा."

"मी? मला कुठे गाता येतं."

"गाता नाही आलं तरी चालेल. आईचं गाणं लेकीने म्हणायचं, त्याला गळा कशाला लागतो?"

चेनवालीने कधी नव्हे ते पटकन हो म्हटलं. ती भराभर जिना चढली. इतक्या वर्षांत आपल्याकडे कोणी काही मागितलं नव्हतं, असं तिला वाटलं. मागितल्या त्या फक्त चेन.

घरी आल्याबरोबर तिने नर्सबाईंना सगळं सांगितलं. मग आईच्या अंथरुणाशी बसली. इथे तिचं चुकलं. पुढे अनेकदा तिने स्वतःला बजावलं की त्या वेळी गप्प बसायला हवं होतं. पण आनंदाने माणसाचं भान सुटतं, आणि तिला आनंदाची सवय नव्हती.

"आई, दोरखाना आठवतो का ग? तुझं गाणं आठवतं?" आणि तिने हळू आवाजात सुरुवात केली. मागं मागं पाऊल माझं…

आईचं हसू विरलं. ती ऐकत राहिली. डोळ्यांत काहीतरी वर यायला लागलं, आणि लेकीला वाटलं, आठवतंय, हिला आठवतंय! तिने दुसरं कडवं म्हटलं. मुकादमा. हात हिचा.

आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. चार वर्षांत त्या हातात एवढा जोर तिने पाहिला नव्हता.

"हळू," आई कुजबुजली. "तो उभा आहे."

"कोणी नाही ग, आई. तो केव्हाच मेला असेल."

"हळू म्हणते ना. तो म्हणेल, परत गातेस. परत गातेस म्हणेल." आईचा श्वास भराभर चालला होता. "मी मोठ्याने गात होते. चिमणीने हाक मारली. मी गात होते, सगळ्या गात होत्या. कोणाला ऐकू गेलं नाही. तो म्हणाला, सगळ्यांसमोर म्हणाला, तुमच्या गाण्यापायी मला हाक ऐकू आली नाही. तुझ्या गाण्याने तुझ्या बहिणीचा हात खाल्ला."

खोलीत मैदानातला ढोल घुमत होता. नर्सबाई दारात उभ्या होत्या.

हे चेनवालीला कधीच कोणी सांगितलं नव्हतं. ना आईने, ना मावशीने. वेणी घालताना मावशी दातांत पेड धरून असायची, बोलायची कुठून?

"पण तू गाण्यात म्हटलंस ना, आई? तो म्हणाला दोर वाया जाईल म्हणून. म्हणजे त्याला ऐकू आलं होतं. हो ना?"

आईने तिच्याकडे पाहिलं आणि क्षणभर ती पूर्ण शुद्धीवर होती, पूर्वीची आई होती. "मला काय माहीत," ती म्हणाली. "मी शेडच्या दुसऱ्या टोकाला होते."

मग ती रडायला लागली. म्हातारी माणसं रडतात तशी, पाण्यावाचून, नुसतं तोंड उघडून.

रात्र कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. सकाळी चेनवाली म्हणाली, "मी जात नाही, ताई." नर्सबाई म्हणाल्या, "जा. शब्द दिलायस. आणि तुझ्या मावशीसाठी कोणीतरी एकदा मोठ्याने बोललं पाहिजे." बाई खंबीर होत्या, इस्पितळात पस्तीस वर्षं माणसं मरताना बघितलेल्या. त्यांचं म्हणणं मोडवेना. पण कालचं बळ आता चेनवालीत नव्हतं. काल तिच्याकडे खरं गाणं होतं. आज खरं काय, हेच कळेनासं झालं होतं. मुकादमाने हाक ऐकून चाक चालू ठेवलं होतं, की त्याला ऐकूच आलं नव्हतं आणि आईने आपलं ओझं त्याच्या माथी मारलं होतं? सांगू शकणारं माणूस एकच उरलं होतं आणि ते चादरीत तोंड खुपसून पडलं होतं.

संध्याकाळी पाचला ती खाली गेली. दुकानात घालायची तीच साडी, केस चापून बसवलेले. गायिकेने तिचा हात धरून तिला मंचावर नेलं, माईकवर चार फार चांगले शब्द बोलली. "हे गाणं अनामिक नाही. ते रचणाऱ्या बाई आपल्या समोरच्याच इमारतीत राहतात." लोकांनी माना वळवून इमारतीकडे पाहिलं, टाळ्या वाजवल्या. काही जणांनी फोन वर धरले. मागच्या बाजूला माईकची शिट्टी वाजली, पोरं हसली, आणि गायिका अपघाताबद्दल जे बोलली ते त्या शिट्टीत अर्धं बुडालं.

मग ढोल सुरू झाला. कालपेक्षा जरा जलदच. आजचा शेवटचा दिवस होता, लोक रंगात आले होते. गायिकेने पहिलं कडवं म्हटलं. दुसरं दोघींनी. चेनवालीने "मुकादमा" म्हटलं आणि समोरून तीन-चारशे गळ्यांतून "साजणा" आलं. कालपासून मैदानाला ते पाठ झालं होतं. गायिकेने हात वर करून लोकांना थांबवू पाहिलं. लोकांना वाटलं, अजून जोरात म्हणायला सांगतेय. ते अजून जोरात म्हणाले.

तिसरं कडवं चेनवालीला एकटीला म्हणायचं होतं. तिने डोळे मिटले. आवाज चिरका होता, पण निघाला.

दोर वाया जाईल म्हणे, हात काय ग, दोन…

टाळ्या थांबल्या नाहीत. थांबायचं कारणच नव्हतं. ताल तोच होता, चाल तीच होती, आणि चाल नाचरी होती. कारण ती दुःखासाठी बांधलेलीच नव्हती, चालण्यासाठी बांधलेली होती. "एक गेला, एक उरला" यावर पुढच्या रांगेतल्या पोराने एक बोट, मग दुसरं बोट नाचवून दाखवलं आणि त्याच्याभोवतीचे हसले. "मोजणारं कोण?" पाशी ती थांबली, आणि मैदान न थांबता पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. थांबव थांबव चाक, साजणा.

ती मंचावरून उतरली. तिला कोणी हिणवलं नाही, उलट सगळ्यांनी कौतुक केलं. बिल्लेवाल्याने हातात फूल दिलं. "काय गोड आवाज आहे हो तुमचा! इतकी वर्षं लपवून ठेवलात?" तळमजल्यावरच्या सुनेने मिठी मारली. "काकू, तुम्ही तर आज आग लावलीत." गायिका तेवढी हळूच म्हणाली, "नीट पोचलं नाही, काकू. माफ करा."

"पोचलं असतं तरी काय करणार होते ग ते," चेनवाली म्हणाली. "टाळ्या तर वाजवल्या ना."

वर आली तेव्हा नर्सबाई आईला धरून बसल्या होत्या. खिडकीतून सगळं ऐकू आलं होतं. लेकीचा आवाज स्पीकरमधून खोलीभर झाला होता आणि आई अंथरुणातून उतरायला निघाली होती. मोडक्या खुब्यानिशी. "चिमणी हाक मारतेय," एवढंच म्हणत होती. "आता ऐकू येतंय मला. सोडा मला, ती हाक मारतेय."

मैदान सोमवारी रिकामं झालं. मंडप गेला, स्पीकर गेले, चार दिवस कागदाचे पेले वाऱ्यावर लोळत होते. पण आईच्या डोक्यातला दोरखाना काही बंद झाला नाही. विसरण्याने चार वर्षं खपून जे झाकलं होतं ते एका संध्याकाळी उघडं पडलं, आणि ते परत झाकण्याएवढं विसरणं आता तिच्याजवळ नव्हतं. "जेवलीस का?" हा प्रश्न बंद झाला. ती लेकीचा उजवा हात धरून ठेवायला लागली. मनगटाशी, गच्च. "हात काढ, चिमणे. हात काढ ग तिथून!" लेक म्हणायची, "काढला, आई. हा बघ, आहे." आई हात उलटा-सुलटा करून बघायची, पाचही बोटं चाचपायची, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

घरी एक जुनं पायमशीन होतं. संध्याकाळी चेनवाली त्यावर थोडं काम करायची. आता त्याचं चाक फिरलं की आई किंकाळी फोडायची. तिने मशीनवर गोधडी टाकली. मग भिंतीकडे वळवलं. मग नर्सबाईंच्या घरी नेऊन ठेवलं. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या. गोळ्यांनी आई झोपायची, पण झोपेतही तिचे पाय हलायचे. टाच, चवडा, टाच, चवडा. उलटी पावलं.

एकदा चेनवालीने खोटं बोलून पाहिलं. "आई, मुकादमाने कबूल केलं ग. सगळ्यांसमोर म्हणाला, मला हाक ऐकू आली होती. तुझा काही दोष नाही म्हणाला."

आईने तिचं मनगट आणखी घट्ट धरलं. "तो असं बोलणार नाही," ती म्हणाली. "तू माझी समजूत घालतेस."

ज्या बाईला स्वतःच्या लेकीचं नाव सांगता येत नव्हतं, तिला एवढं मात्र बरोबर कळलं.

हिवाळा संपता संपता आई गेली. शेवटचे दोन दिवस ती बोलली नाही, पण मूठ सुटली नाही. नर्सबाईंनी एकेक बोट सोडवलं तेव्हा चेनवालीच्या मनगटावर काळानिळा वळ उमटलेला होता. भाऊ तीन दिवसांसाठी आला. "शेवट शांत झाला ना?" त्याने विचारलं. नर्सबाईंनी चेनवालीकडे पाहिलं. चेनवाली म्हणाली, "झाला."

वसंतात एके दुपारी दुकानात गायिकेचा फोन आला. आधी तिने आईबद्दल दोन शब्द बोलून घेतले, मग जरा घुटमळली. "काकू, मी दोन-तीन ठिकाणी खरे शब्द म्हणून बघितले. मुकादमा, आणि ते तिसरं कडवं. लोक गोंधळतात हो. एका ठिकाणी तर म्हणाले, हे मागाहून कोणीतरी घुसडलेलं दिसतंय. म्हणून सध्या… सध्या पुन्हा साजणाच म्हणते. तुम्ही रागावला नाहीत ना?"

तळघरात दिवा लावलेला होता. समोर कुणाच्या तरी प्रवासी बॅगेची चेन उसवून पडली होती.

"नाही ग," चेनवाली म्हणाली. "तूच काय, माझी आईही तेच म्हणाली होती."

पलीकडे गायिका काही तरी बोलत होती, नाव नक्की छापू म्हणत होती, आईचं पूर्ण नाव विचारत होती. चेनवालीने ते सांगितलं, हळूहळू, एकेक अक्षर. फोन ठेवला. काउंटरशी आलेल्या बाईने विचारलं, बॅग कधी मिळेल? "बुधवारी," ती म्हणाली, आणि दिव्याखाली मान घालून चेनचे दाते मोजायला लागली.